अंगावरचं पित्त

पहिली गांध उठली ती परकराच्या नाडीखाली, रात्री अडीचच्या सुमाराला. डास चावला असेल म्हणून झोपेतच खाजवलं. तीन वाजेपर्यंत पोट, मांड्या, दंड, काखेच्या कडा, सगळीकडे फुगवटे आले होते. मधोमध फिकट, कडेला लाल, हात लावला तर गरम. काही ठिकाणी एकमेकांत मिसळून तळहाताएवढे झाले होते. माझ्या उठबशीने सासूबाई जाग्या झाल्या. त्यांनी आमसुलाचा डबा काढला, चार आमसुलं पाण्यात कुस्करली, ते गार पाणी माझ्या पाठीला लावलं आणि विचारलं, “पित्त उठलंय तुला. रात्री काय खाल्लंस?”

वांग्याचं भरीत खाल्लं होतं. सकाळी सहाला अंग इतकं नितळ होतं की नवऱ्याला दाखवायला एकही खूण उरली नव्हती. भरीत दोषी ठरलं, आमसूल औषध ठरलं. चौथ्या रात्री मुगाची खिचडी खाऊन झोपले होते, तेव्हा पुन्हा उठलं.

पुढची तीन वर्षं हे चालू राहिलं. पहिल्या वर्षात मी वांगं सोडलं, मग दाणे, अंडी, मासे, दही, टोमॅटो, शेवटी तुरीची डाळसुद्धा. पित्त काही मला सोडेना. आज हा लेख लिहिते आहे तो त्या पहिल्या वर्षासाठी. ज्यांच्या घरी आत्ता कोणी रात्री उठून अंग खाजवतंय आणि ज्यांच्या ताटातून रोज एक पदार्थ कमी होतोय, त्यांना हे लवकर कळावं अशी फार इच्छा आहे.

वैद्यकात या फुगवट्यांना अर्टिकेरिया म्हणतात. लॅटिनमध्ये अर्टिका म्हणजे अंगाला लागली की आग करणारी एक वनस्पती, तिच्यावरून हे नाव पडलं. आपल्याकडच्या माधवनिदान या जुन्या वैद्यकग्रंथात शीतपित्त, उदर्द आणि कोठ यांचा विचार एकत्र केला आहे. तिथे या सुजेला उपमा दिली आहे ती गांधीलमाशीच्या दंशाची. वाचताना मी थबकले, कारण मराठीत त्या माशीचं नाव गांधीलमाशी आणि अंगावरच्या फुगवट्यांचं नाव गांधी. ज्यांनी हे शब्द रुळवले त्यांनी नीट पाहिलं होतं. गांधीलमाशीच्या दंशाने त्वचेत जे होतं त्याचा बराचसा भाग इथेही होतो, फक्त माशी नसते.

होतं ते असं. आपल्या त्वचेत, बारीक रक्तवाहिन्यांच्या आणि मज्जातंतूंच्या शेजारी मास्ट पेशी नावाच्या पेशी बसलेल्या असतात. 1878 मध्ये लाइपझिगला पाउल एर्लिख या तरुण विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात त्यांना हे नाव दिलं. त्या पेशी दाण्यांनी इतक्या गच्च भरलेल्या होत्या की खाऊनपिऊन पुष्ट झाल्या असाव्यात असं त्याला वाटलं, आणि जर्मन भाषेतला तसा शब्द त्याने वापरला. डाळिंब फोडल्यावर दिसतं तसं चित्र डोळ्यांपुढे आणावं. त्या दाण्यांमध्ये हिस्टामिन नावाचं रसायन असतं. पेशी चाळवली की दाणे बाहेर पडतात, हिस्टामिनमुळे रक्तवाहिन्या सैल होऊन पाझरू लागतात, रक्तातला पाणीदार भाग त्वचेत झिरपतो आणि तिथे फुगवटा येतो. तेच हिस्टामिन मज्जातंतूंना चेतवतं, म्हणून खाज. काही तासांत झिरपलेलं पाणी परत शोषलं जातं आणि त्वचा होती तशी होते. कातडीला इजा झालेलीच नसते, म्हणून मागे डाग राहत नाही. हाच पाझर त्वचेच्या खोल थरात झाला तर ओठ, पापण्या, तळवे सुजतात. त्या सुजेला खाज कमी आणि ताण जास्त असतो. ती उतरायला दोन-तीन दिवससुद्धा लागतात.

आता ‘पित्त’ या शब्दाकडे येते, कारण माझं निम्मं वर्ष या शब्दाने खाल्लं. मराठीत छातीत जळजळलं तरी पित्त आणि अंगावर गांधी उठल्या तरी पित्त. त्यामुळे दोन्हींचं मूळ पोटात, असं आपण गृहीत धरतो. मी सकाळी उपाशीपोटी आम्लपित्ताची गोळी घेत राहिले, तिखट-आंबट बंद केलं. पुढे वाचायला लागले तेव्हा यातली एक गंमतशीर गोष्ट कळली. जठरातलं आम्ल वाढवणाऱ्यांमध्येही हिस्टामिन आहे! पण जठरात ते ज्या खुंटीला लागतं ती वेगळी आणि त्वचेत ज्या खुंटीला लागतं ती वेगळी. शास्त्रज्ञ पहिलीला एच-2 म्हणतात आणि दुसरीला एच-1. जेम्स ब्लॅक यांनी एच-2 अडवणारं औषध शोधून आम्लपित्ताच्या उपचाराचं रूप बदललं आणि 1988 चं नोबेल मिळवलं. त्वचेची एच-1 अडवणारी औषधं त्याआधीची. 1937 मध्ये पॅरिसला डॅनिएल बोव्हे आणि आन-मारी स्टाउब यांच्या कामातून ती वाट उघडली आणि बोव्हे यांना 1957 चं नोबेल मिळालं. म्हणजे दोन्ही पित्तांत एकच रसायन खरं, पण कुलपं दोन आणि किल्ल्याही दोन. एकाची गोळी दुसऱ्यावर भागत नाही, आणि आंबट खाल्ल्याने छाती जळली तरी त्यातून अंगावर गांधी उठतीलच असं नाही.

मग ‘काय खाल्लंस’ या प्रश्नाचं काय? तो प्रश्न वेडगळ नाही. पाचांतल्या एका माणसाला आयुष्यात कधी ना कधी गांधी उठतात. त्यातल्या बऱ्याच जणांना त्या एकदाच, थोडे दिवस उठतात आणि जातात. विषाणूचा ताप, एखादं औषध, कीटकाचा दंश, कोळंबी किंवा शेंगदाण्यासारखा पदार्थ अशी कारणं तिथे सापडू शकतात. खाण्याची अॅलर्जी ओळखायला फार अवघड नसते. पदार्थ पोटात गेल्यावर काही मिनिटांत, फार तर तासा-दोन तासांत त्रास होतो, आणि तो पदार्थ पुन्हा खाल्ला की पुन्हा होतो. कोळंबी अमावास्येला बाधली आणि पौर्णिमेला मानवली, असं होत नाही.

पण गांधी सहा आठवड्यांहून जास्त काळ, रोज किंवा दिवसाआड उठत राहिल्या की डॉक्टर त्यांना जुनाट म्हणतात. आणि थंडी, दाब, ऊन असं ठरावीक निमित्त नसताना आपोआप उठत असतील तर त्याला क्रॉनिक स्पॉन्टेनियस अर्टिकेरिया असं नाव आहे. कोणत्याही वेळी शंभरांत साधारण एका माणसाला हा विकार असतो. बायकांना पुरुषांच्या दुप्पट, आणि बहुधा विशी ते चाळिशीत, म्हणजे घर, मुलं, नोकरी यांच्या ऐन धबडग्यात. या विकारात खाण्यातला पदार्थ हे कारण क्वचितच निघतं.

तरी आपल्याला ते पटत नाही, आणि त्याचंही कारण आहे. माणूस दिवसातून चार वेळा काही ना काही खातो. त्यामुळे कुठल्याही गांधीच्या आधीच्या काही तासांत काहीतरी खाल्लेलं सापडतंच. शिवाय प्रत्येक गांध काही तासांत आपल्या आपण विरते, म्हणून त्या दरम्यान जे केलं त्याला श्रेय मिळतं. आमसुलाचं पाणी, गेरू, घोंगडी, मंतरलेला अंगारा, सगळ्यांचा गुण येतो. मी तूरडाळ सोडली त्यानंतर अकरा दिवस एकही गांध उठली नाही. बाराव्या दिवशी उठली तेव्हा मी डाळीवरचा संशय मागे घेतला नाही. भाताच्या कुकरात डाळीचं पाणी उडालं असेल, असं मनाशी ठरवलं. वजन सात किलो उतरलं होतं. लोकांकडे जेवायला जाणं बंद झालं होतं. पित्ताने माझं जितकं नुकसान केलं नाही तितकं या शोधाने केलं, हे मी पूर्ण विचार करून लिहिते आहे.

त्याच काळात कोणी सुचवलं म्हणून रक्ताची मोठी अॅलर्जी चाचणी केली, शंभरावर पदार्थांची. अहवालात बारा पदार्थांपुढे अधिकची खूण होती. त्यात गहू होता, जो मी जन्मापासून खाते आहे. अशा खुणेचा अर्थ रक्तात त्या पदार्थाविरुद्ध प्रतिपिंड सापडले, एवढाच. त्या पदार्थाने त्रास होतोच, असं त्यावरून ठरत नाही. आपोआप उठणाऱ्या जुनाट पित्तात अशा घाऊक चाचण्या करू नयेत असंच जाणकारांचं मत आहे. सुरुवातीला लागतात त्या चाचण्या मोजक्या असतात: हिमोग्लोबिनसह रक्तपेशींची मोजणी, दाह मोजणारी ईएसआर किंवा सीआरपी, आणि तज्ज्ञांकडे आयजीई या प्रकारचे एकूण प्रतिपिंड व थायरॉइडविरोधी प्रतिपिंड. पोटात जंत असण्याचा संभव असेल तर शौचाची तपासणी.

थायरॉइड मध्येच कुठून आलं? इथेच ‘कारण सापडत नाही’ या वाक्याचा खरा अर्थ उलगडायला लागतो. 1993 मध्ये मिचिहिरो हिदे, माल्कम ग्रीव्ह्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनहून एक महत्त्वाचा शोध प्रसिद्ध केला. काही रुग्णांच्या रक्तात असे प्रतिपिंड होते की ते स्वतःच्याच मास्ट पेशींवरच्या आयजीईच्या खुंट्यांना जाऊन चिकटत आणि पेशींना दाणे सोडायला लावत. अशा रुग्णाच्या रक्तातला निवळ द्रव त्याच्याच हाताच्या कातडीत टोचला तर तिथे गांध उठते. काहींच्या बाबतीत शरीर स्वतःच्याच प्रथिनांविरुद्ध आयजीई बनवतं, त्यात थायरॉइडचं एक प्रथिनही आहे. म्हणून थायरॉइडच्या स्वयंप्रतिकार विकारांची आणि या पित्ताची जोडी वारंवार दिसते. चिथावणी बाहेरून येत नाही, आतून येते. मला हे त्वचारोगतज्ज्ञांनी कागदावर आकृती काढून समजावलं, तेव्हा मी त्यांच्यासमोर रडले. ताटात नसलेला शत्रू मी तेरा महिने ताटात शोधत होते.

कारण आतलं असलं तरी निमित्तं बाहेरची असतात, हा भेद समजला की जगणं सोपं होतं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अॅस्पिरिन या वेदनाशामकांनी पुष्कळ रुग्णांचं पित्त भडकतं. डोकं दुखलं म्हणून घरातली कुठलीही गोळी टाकण्याची सवय आधी सोडावी लागते. पॅरासिटामॉल बहुतेकांना चालतं. कढत पाण्याची अंघोळ, दारू, ताप, घट्ट इलॅस्टिक, खांद्यावरच्या जड पिशवीचा पट्टा, जागरण आणि मनावरचा ताण यांनीही गांधी वाढतात. ताणाबद्दल जपून बोलायला हवं. ‘तू टेन्शन घेतेस म्हणून होतं’ हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं. ताणाने वाढतं हे खरं, ताणामुळे झालं हे खरं नाही. तीन महिने धड न झोपलेल्या माणसाला ताण येणारच.

काहींना मात्र निमित्त अगदी ठरलेलं असतं, आणि तो वेगळा प्रकार आहे. नखाने दंडावर रेघ ओढली की पाटीवर लिहावं तशी फुगीर अक्षरं उमटतात. घाम आला की टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक, झोंबणाऱ्या गांधी उठतात. थंडीने होणारं पित्त ओळखायला डॉक्टर पिशवीतला बर्फाचा तुकडा पाच मिनिटं हातावर धरतात आणि काढल्यावर तिथे गांध येते का ते पाहतात. अशा माणसाने नदीत, विहिरीत, थंड पाण्याच्या तलावात एकदम उडी मारणं जिवावर बेतू शकतं, कारण एकाच वेळी सगळ्या अंगातलं हिस्टामिन सुटून रक्तदाब कोसळतो. गार आमसुलाचं पाणी किंवा बर्फही त्याला लावू नये. इतरांना गारव्याने खाज खरंच शमते, सासूबाईंचा तेवढा उपाय खरा होता.

खाजेबद्दल आणखी एक. सह्याद्रीत फिरणाऱ्यांना खाजकुइली माहीत असते. तिच्या शेंगेवरची लव अंगाला लागली की माणूस नाचतो. ती खाज हिस्टामिनची नसते. त्या लवेत मुकुनेन नावाचं वितंचक असतं आणि त्याची खाज वेगळ्या मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूपर्यंत जाते. म्हणून सगळ्या खाजेला एकच गोळी लागू पडत नाही. गांधींची खाज मात्र प्रामुख्याने हिस्टामिनची आहे आणि त्यामुळेच तिच्यावर चांगली औषधं आहेत.

ती औषधं म्हणजे सेट्रिझिन, लेव्होसेट्रिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन, बिलास्टिन या गोळ्या. मी पहिलं वर्ष त्या चुकीच्या रीतीने घेतल्या. उठलं की घ्यायची, गेलं की थांबायचं. संगीत खुर्ची आठवा. हिस्टामिन खुर्चीवर बसल्यावर गोळी आली तर तिला उभंच राहावं लागतं. गोळी आधीच बसलेली असली पाहिजे, म्हणून ती रोज, ठरलेल्या वेळी, गांध असो वा नसो, घ्यायची. नेहमीच्या मात्रेने दोन ते चार आठवड्यांत भागलं नाही तर तज्ज्ञ ती चौपटीपर्यंत वाढवतात. हे त्यांच्या देखरेखीखालीच करायचं. फेक्सोफेनाडिन संत्र्या-सफरचंदाच्या रसाबरोबर घेतलं तर अंगात कमी भिनतं आणि बिलास्टिन उपाशीपोटी घ्यावं लागतं, एवढी साधी गोष्टही मला कोणी सांगितली नव्हती. जुन्या पिढीच्या झोप आणणाऱ्या गोळ्या मेंदूत शिरतात. त्यांनी येते ती गुंगी, शांत झोप नव्हे, आणि दुसऱ्या दिवशी गाडी चालवणं धोक्याचं होतं.

स्टेरॉइडबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात सुई घेतली की दोन तासांत अंग स्वच्छ होतं, दोन दिवस देव भेटल्यासारखं वाटतं आणि तिसऱ्या दिवशी दुप्पट उठतं. फार भडकलं तर चार दिवसांसाठी ते देणं वेगळं. महिनोन्‌महिने घेत राहिलं तर साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, चेहरा सुजतो. लेबल नसलेल्या पुड्यांनी जादूसारखा गुण येत असेल तर त्यात हेच मिसळलेलं नाही ना, अशी शंका घ्यावी.

गोळ्यांनी आटोक्यात येत नसेल त्यांच्यासाठी ओमॅलिझुमॅब हे इंजेक्शन आहे, साधारणपणे दर चार आठवड्यांनी 300 मिलिग्रॅम. ते मोकळ्या आयजीईला पकडून ठेवतं, त्यामुळे मास्ट पेशी हळूहळू शांत होतात. दम्यासाठी आलेल्या या औषधाला अमेरिकेत 2014 मध्ये या विकारासाठी मान्यता मिळाली. ते महाग आहे. त्यानेही भागलं नाही तर सायक्लोस्पोरिन, तेही रक्तदाब आणि मूत्रपिंडांवर लक्ष ठेवून. 2025 मध्ये अमेरिकेत रेमिब्रुटिनिब या तोंडाने घ्यायच्या गोळीलाही मान्यता मिळाली आहे.

डॉक्टरांकडे जाईपर्यंत अंग कोरं असतं, ही या दुखण्याची सगळ्यात मोठी कुचंबणा. म्हणून रात्रीच मोबाइलवर फोटो काढावा. आणखी एक करावं, गांधीभोवती पेनने गोल काढून वेळ लिहावी. ती एक गांध चोवीस तासांच्या आत विरायला हवी. त्याहून जास्त टिकली, खाजेपेक्षा दुखली, जळजळली आणि जाताना काळा-निळा डाग ठेवून गेली तर रक्तवाहिन्यांच्या दाहाची शंका येते. मग त्वचेचा तुकडा काढून तपासावा लागतो. गांधी अजिबात नाहीत आणि फक्त ओठ किंवा जीभ सुजते, अशा वेळी रक्तदाबाची गोळी कोणती चालू आहे ते डॉक्टरांना आवर्जून सांगावं. एनालाप्रिल, रामिप्रिल या गटातल्या गोळ्यांनी अशी सूज येते आणि ती अॅलर्जीच्या गोळीने उतरत नाही. आणि गांधींबरोबर श्वास अडकला, आवाज घोगरा झाला, उलट्या झाल्या, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर घरगुती उपाय करत बसू नये. 108 ला फोन करावा किंवा जवळचं रुग्णालय गाठावं. तिथे अॅड्रेनालिनचं इंजेक्शन लागतं.

रोजचा हिशेब मी कालनिर्णयावर दुधाच्या शेजारी लिहायला लागले. गांधी नसतील तर शून्य, विसाच्या आत एक, पन्नासापर्यंत दोन, त्यापुढे तीन. खाजेलाही तसेच शून्य ते तीन. आठवड्याची बेरीज जास्तीत जास्त बेचाळीस. तज्ज्ञही हीच पद्धत वापरतात. माझा पहिला आकडा चौतीस होता. रोज गोळी सुरू झाल्यावर दुसऱ्या महिन्यात तो एकोणीस झाला, मात्रा वाढवल्यावर सहा. हा आकडा पुढे करू लागल्यावर सासूबाई ‘काय खाल्लंस’ असं विचारायच्या थांबल्या. त्या विचारू लागल्या, “आजचे किती?”

हा विकार पुष्कळांच्या बाबतीत एक ते पाच वर्षांत आपणहून निघून जातो. गोळी त्याला घालवत नाही, तो जाईपर्यंत अंगाला आणि झोपेला सांभाळते. तो गेला की नाही हे पाहायचं तर अंग पूर्ण स्वच्छ राहिल्यानंतर काही महिन्यांनी मात्रा थोडी थोडी उतरवून बघावी लागते. मी गेल्या मार्चमध्ये चार गोळ्यांवरून दोनवर आले, मेमध्ये एकावर. जूनच्या पहिल्या आठवड्यात कॅलेंडरवर शून्यांच्या रांगेत एक ‘चार’ आला, मग ‘पाच’. मी पुन्हा दोन सुरू केल्या. त्या आठवड्यात घरी भरीत होतं, मी दोनदा घेतलं.